फाटकावरची बोगनवेल

सोलापुरातले आमचे घरमालक माणसांचे दोनच प्रकार मानत. एक जादा पाण्यावर वाढलेली आणि दुसरी ताण बसलेली. पहिल्या प्रकारातली नुसत्या फांद्या सोडतात, दुसऱ्या प्रकारातली फुलतात. मी राजापूरचा, म्हणजे परीक्षेला बसण्याआधीच नापास. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी ओटीपर्यंत येतं आणि त्याला ऊठ म्हणायची सोय नसते.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. फाटकात उभं केलं आणि वर बोट दाखवलं. फाटकावर कमानीसारखं एक झाड पसरलं होतं आणि पान दिसू नये इतकं ते जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरलं होतं.

"ह्ये काय हाय?"

मी वनस्पतिशास्त्र घेऊन नुकताच बी.एस्सी. झालेला, हायस्कुलात शास्त्राचा मास्तर म्हणून लागलेला. छाती फुगवून म्हणालो, "बोगनवेल."

"वेल कुटली? झुडूप हाय ते. वेलीला आधार लागतो. ह्येला काय बी लागत न्हाय. पानी तर न्हायच न्हाय." मग मला नखशिखांत न्याहाळून त्यांनी विचारलं, "तुमाला किती लागतं?"

"काय?"

"पानी."

"दोन वेळा आंघोळ करतो," मी खरं ते सांगून बसलो.

मालक दोन पावलं मागे सरले. "कुटलं गाव म्हनला?"

"राजापूर."

"तरीच!" थोडा वेळ ते माझ्याकडे रोपवाटिकेतलं कलम बघावं तसे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ऱ्हावा. दोन वर्सं ताण बसला की फुलाल."

अशा रीतीने मला खोली मिळाली आणि त्यांना एक प्रयोग मिळाला. 

ताण ही त्यांची मूळ भानगड शेतीतली. डाळिंबाला, लिंबाला बहार धरायचा असला की आधी महिना-दीड महिना पाणी तोडतात. झाड घाबरतं, पानं गाळतं, आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटलं की मरायच्या आधी फुलून घेतं. मालकांनी शेतकी खात्यात तीस वर्षं नोकरी केली आणि जिल्ह्यातल्या गावोगाव फिरून कमी पाण्याची शेती शिकवली. निवृत्त होताना खात्याने त्यांना शाल-नारळ दिला. ताण त्यांनी स्वतःहून बरोबर आणला.

सगळे त्यांना मालक म्हणायचे. मी भाडेकरू म्हणून म्हणायचो, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, त्या भागातल्या जुन्या बायका नवऱ्याला म्हणतात म्हणून म्हणायच्या. दोघांचे हक्क साधारण सारखेच होते. नळ एक दिवसाआड तासभर यायचा. मला अडीच बादल्या, काकूंना स्वयंपाकाला दोन घागरी, आणि अर्धी बादली आल्यागेल्याला. मालक स्वतः एका तांब्यात आंघोळ करीत आणि अंग कोरडं व्हायच्या आत बाहेर येऊन त्यातलं किती उरलं ते मला दाखवीत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, पण मालकांनी तो उठवला नव्हता.

अंगणात डांबराच्या अर्ध्या कापलेल्या पिंपांमधून दहा-बारा बोगनवेली होत्या. पांढरी, केशरी, विटकरी, एक तर एकाच फांदीवर दोन रंगांची. त्यांच्या बुडाशी मातीला भेगा पडलेल्या असायच्या आणि वर रंगपंचमी चाललेली असायची. रस्त्याने जाणारी माणसं थबकून बघायची. कुणी "फुलं काय छान आहेत हो" म्हणालं की मालक बाहेर धावत. "फुलं न्हाईत ती, पानं हाईत. रंगीत पानं. फूल आत हाय, पांडरं, एवडंसं. हितं बगा." बघेपर्यंत माणसाची सुटका नसे. आमच्या पोस्टमनने ते पांढरं फूल निदान चाळीस वेळा पाहिलं असेल.

माणसांवरचे ताणाचे प्रयोगही मी जवळून पाहिले. त्यांच्या मुलीचं लग्न आदल्या उन्हाळ्यात बार्शीला झालं होतं. जावई पहिल्या दिवाळसणाला आला. आमच्या कोकणात अशा जावयाला पाटावरून उठू देत नाहीत. मालकांनी त्याला पडवीतल्या बाजेवर बसवलं आणि काकूंना आत निरोप दिला की तासभर चहा-पाणी काही बाहेर काढायचं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावई म्हंजी नवं रोप. सुरुवातीला लाड केलं की जनमभर पानी मागतंय." जावई शहाणा होता. दहा मिनिटांनी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून उठला, कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन कप चहा पिऊन आणि एक प्लेट भजी खाऊन आला, आणि पुन्हा निमूट बाजेवर बसला. तास भरल्यावर मालकांनी मला कोपराने ढोसलं. "बगा मास्तर, ताण बसलाय तरी चेहरा कसा टवटवीत! हे कलम धरनार."

मला मात्र त्यांनी पहिल्या सहा महिन्यांतच निकालात काढलं होतं. मी खात्याच्या एका परीक्षेला बसलो आणि नापास झालो. मालक म्हणाले, "ताण कमी पडला," आणि माझी अर्धी बादली कापली.

आता त्या दसऱ्याचं सांगायला हवं. काकूंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे मैंदर्गीला. तिकडे बायकांच्या वेणीत रोज काही तरी माळलेलं असतं. काकू दसऱ्याला माहेरी जाऊन संध्याकाळी परत आल्या त्या ओल्या फडक्यात गुंडाळून मोगऱ्याचं मूळ धरलेलं रोप घेऊन आल्या. त्या मोगऱ्याला मल्लिगी म्हणत. हे तिसरं रोप. आधीची दोन मालकांनी अंगणात लावू दिली होती आणि मग त्यांना ताण दिला होता. फुलण्याऐवजी ती दोन्ही वारली.

"न्हाय म्हंजी न्हाय," मालक म्हणाले. "मोगरा म्हंजी रोजचा पाव्हना. उठल्यापास्नं पानी मागनार."

"माज्या म्हायेरी न्हानीच्या पान्यावर मल्लिगी हुती," काकू म्हणाल्या. "हितं न्हानीचं बी पानी मोजत्यात. बत्तीस वर्सं झाली. मी एकदा तरी काय मागितलं का?"

मी सोनं द्यायला गेलो होतो, तो आपट्याची पानं हातात घेऊन दारातच अडकलो. काकूंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मालकांनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण ते गडबडले आणि गडबडीत पैज लावून बसले.

"ह्ये बग, मास्तर साक्षीला हाईत. गड्ड्याची जत्रा भरंपातुर ह्या फाटकावरच्या झाडाला एक जरी फूल आलं न्हाय, तर मी सोताच्या हातानं ते उपटीन आन तितंच तुजी मल्लिगी लावीन. रोज पानी घालीन."

"आन आलं तर?"

"आलं तर पुन्यांदा ह्या घरात मोगऱ्याचं नाव काडायचं न्हाय."

"साक," काकू म्हणाल्या. कानडीत साक म्हणजे पुरे. रोप त्यांनी एका डब्यात लावून मोरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

मला काकूंची फार दया आली. फाटकावरची बोगनवेल सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत आधी फुलणारी. दिवाळी सरली की आठ दिवसांत तिला रंग चढायचा आणि जत्रा भरते संक्रांतीला. मालकांनी पैज लावली नव्हती, सूर्य उद्या उगवेल असं सांगितलं होतं.

दिवाळीनंतर मालक दोन दिवस मुलीला पोचवायला बार्शीला गेले. परत आल्यावर पुन्हा त्यांचा नित्यक्रम सुरू झाला. जेवण झालं की झोप, आणि तीनचा गिरणीचा भोंगा झाला की जाग. एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी दोनलाच घरी आलो. पडवीतून मालकांचं घोरणं ऐकू येत होतं. काकू फाटकाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी झाडाच्या बुडाशी असलेला एक चपटा दगड बाजूला केला, खालच्या भोकात पातेलीभर तांदळाचं धुवण ओतलं, दगड पुन्हा ठेवला आणि वरून कोरडी माती भुरभुरली.

मला भडभडून आलं. ज्या झाडापायी आपला मोगरा जाणार त्यालाच ही बाई पाणी घालतेय. मी दबक्या आवाजात म्हणालो, "काकू, असं करू नका हो! ते फुललं तर तुम्ही हराल."

काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी वर्गात ढ मुलासाठी वापरतो.

"तुमी झाडांचंच शिकलाय न्हवं?"

"हो. बी.एस्सी."

"मग पानी घातलं की बोगनवेल फुलत न्हाय, एवडं शिकिवलं न्हाय व्हय कुनी?"

काकू चौथी शिकलेल्या. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की दगडाखाली मडकं पुरलंय, त्याच्या बुडाला भोक आहे, भोकात चिंधी आहे, आणि त्यातून पाणी थेंबाथेंबाने मुळाशीच जातं. वरची माती कोरडी ठणठणीत राहते. मालक रोज संध्याकाळी मातीला बोट लावून बघतात आणि समाधानाने मान हलवतात. हे सगळं त्यांनी बार्शीच्या दोन दिवसांत केलं होतं.

त्या दिवसापासून मी काकूंच्या पक्षाला मिळालो. भांड्यांचं आणि धुवणाचं पाणी पुरेना, म्हणून शाळेच्या नळावर पाच लिटरचा डबा भरायचा आणि सायकलला अडकवून आणायचा, हे काम माझ्याकडे आलं. एकदा मालकांनी फाटकातच गाठलं.

"काय हाय डब्यात?"

"रॉकेल," मी म्हणालो.

"लई रॉकेल जाळता बगा. अभ्यास चाललाय वाटतं." आणि माझ्याकडे त्यांनी प्रथमच थोड्या आशेने पाहिलं.

झाड वेडं झालं. हातहात लांब हिरव्यागार फांद्या रोज नव्या दिशेला निघायला लागल्या. काट्यात अडकून पोस्टमनची टोपी गेली, तेव्हापासून तो पत्रं भिंतीवरून आत फेकू लागला. शेजारचे, घरी माग चालवणारे अण्णा म्हणाले, "मालक, कापून टाका थोडं." मालक म्हणाले, "बहार येतोय." मार्गशीर्ष आला. डांबराच्या पिंपांमधल्या सगळ्या बोगनवेली फुलल्या आणि फाटकावरची मात्र पालकाच्या जुडीसारखी हिरवी उभी राहिली. मालकांनी ताण वाढवला. बुडाची माती उकरून वरची मुळं उघडी पाडली, नशीब दगडाच्या दुसऱ्या बाजूची. हाताने पानं ओरबाडली. दहा दिवसांत दुप्पट पानं आली. मग ते रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले आणि तिला रागवायला लागले. "लाज वाटत न्हाय? त्या बारक्या पिंपातली बग, तुजी लेक हाय ती."

आम्ही आत भाकरी खाता खाता हे ऐकायचो आणि हसू दाबायचो. मजा वाटत होती हे कबूल करतो.

मजा संपली ती जानेवारी लागल्यावर. एका संध्याकाळी मालकांनी मला हाक मारली. मांडीवर नोकरीतल्या जुन्या वह्या होत्या. मालक निम्मे वाळले होते, आणि त्यांच्या मुळातच काटकुळ्या अंगाचा विचार करता ही सोपी गोष्ट नव्हती.

"मास्तर, तुमी बी.एस्सी. हाय. खरं सांगा. तीस वर्सं मी लोकांना खोटं सांगत हिंडलो काय?"

मी पायाशी पडलेलं एक हिरवं पान उचललं.

"तसं आयकलं कुनी म्हना. पुडच्या वळीतला झोपलेला असायचा, मागचा तंबाखू मळायचा. सरपंच म्हनायचा, सायेब, आटपा, गाडी चुकंल. मी म्हनायचो, ऱ्हाऊ दे. आयकनारा आयकत नसला तरी सांगितलेलं तर खरं हाय न्हवं. आन आता ह्ये झाड..." त्यांनी वही मिटली आणि उगीच तिच्यावरची धूळ पुसत बसले.

माझ्या ओठांवर आलं होतं की मालक, दगडाखाली बघा. मी तसाच उठून मोरीपाशी काकूंकडे गेलो. "काकू, आता सांगून टाकू या. त्यांनी हाय खाल्लीय."

काकू मोगऱ्याचं एक पिकलं पान खुडत होत्या. "मला दिसत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "काल आर्दीच भाकरी खाल्ली." खुडलेलं पान त्यांनी डब्यातल्याच मातीत खोचलं. "पन मास्तर, आज सांगितलं तर ते झाड ऱ्हानार आन मल्लिगी जानार. आजून धाच दीस. तवर मी त्येंच्या भाकरीवर तूप जास्त घालते."

त्या दहा दिवसांत मी पाणी आणलं, पण डबा हलका वाटेना. शाळेत ताणाचा धडाच नव्हता म्हणून बरं.

संक्रांत आली. गावात नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, जत्रेचे पाळणे लागले, आणि फाटकावर एकही फूल नव्हतं. मालक शब्दाचे पक्के. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी त्यांनी धोतर खोचलं, कुदळ घेतली आणि कुणालाही हात लावू न देता खणायला लागले. मी आणि काकू पडवीत उभे होतो. भिंतीपलीकडे मागाचा खटखटाट थांबवून अण्णा डोकावले. दगड बाजूला झाला. चार घाव बसले आणि कुदळ कशावर तरी टणकन वाजली. मालकांनी हाताने माती बाजूला केली. मडक्याचा काठ दिसला.

"हंडा!" अण्णा भिंतीवरून ओरडले. "मालक, हंडा गावला! गप ऱ्हावा, कुनाला सांगू नका!" आणि हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की पाच मिनिटांत अर्धी गल्ली फाटकात उभी राहिली.

मालकांनी मडकं दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढलं आणि तिथेच मातीत बसले. आत वाकून बघितलं. वास घेतला. तांदळाच्या धुवणाचा वास त्यांना कळला असावा. मग मडकं उलटं करून बूड पाहिलं. भोकातून चिंधी लोंबत होती, काकूंच्या जुन्या हिरव्या इरकलीची. लग्नाच्या वर्षापासून ती साडी त्यांनी धुतल्यावाळल्यावर रोज दोरीवर पाहिलेली.

माझ्या डोळ्यांपुढे बार्शीचा जावई, बाज आणि माझं सामान सगळं एकदम दिसायला लागलं. मालकांनी मान वर केली ती काकूंकडे.

"ह्ये भोक कुनी पाडलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"बुडाला का? बाजूला का न्हाय?"

"बाजूला पाडलं तर खालचं पानी खालीच ऱ्हातं. समदं मुळाला मिळत न्हाय."

"चिंदी कसली?"

"सुती. नायलानची चालत न्हाय, पानी वढत न्हाय."

"कुनी सांगितलं तुला?"

"तुमीच की. मंगळवेड्याला भाषान करून आला हुता तवा. दोडक्याची भाजी हुती."

"आन फुलाच्या झाडाला पानी घातलं तर काय हुतंय?"

"नुसत्या फांद्या सुटत्यात. फूल येत न्हाय." काकूंनी पुरं केलं, "लिंबाला महिना-दीड महिना पानी तोडायचं. हलक्या रानात कमी, भारी रानात जादा. पानं पिवळी पडून गळाया लागली की पुरं करायचं, त्येच्या पुडं ताण दिला तर झाड मरतंय."

हंडा बघायला आलेल्यांना इथे कसली परीक्षा चाललीय ते कळेना.

"म्हंजी," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला, "तू आयकत हुतीस?"

"मग काय करनार? जेवाय वाडताना कान कुटं काडून ठेवनार?"

मालकांनी मडकं मांडीवर धरलं आणि ते रडायला लागले. मोठा माणूस असा मातीत बसून रडताना मी पाहिला नव्हता, आणि मलाही आवरेना. मग त्यातच ते हसायला लागले, उठले, मडकं उंच धरून गल्लीला दाखवायला लागले. "बरोबर हुतं! अण्णा, बगा, पानी घातलं म्हनून फुललं न्हाय! बरोबर हुतं माजं!" अण्णांनी मडक्यात सोनं नाही याची दोनदा खात्री करून घेतली आणि ते माग सुरू करायला निघून गेले. आपण पैज हरलो आहोत हे मालकांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. ध्यानात आल्यावर ते स्वतः मोरीत जाऊन मोगऱ्याचा डबा घेऊन आले.

उपटलेली बोगनवेल त्यांनी मागच्या भिंतीशी नुसती खोचून ठेवली. तिने पाण्यावाचून उन्हाळ्यात भिंत रंगवली, तो भाग वेगळा. त्या सकाळी फाटकाशी मोगरा लागला. मालकांनी तांब्याभर पाणी आणलं आणि उभ्यानेच वरून धो धो ओतलं. माती वाहून गेली आणि रोप आडवं झालं. शेतकी खात्यात तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाने आयुष्यात झाडाला पाणी घातलंच नव्हतं.

"आसं न्हाय," काकू म्हणाल्या. "खाली बसा."

मालक बसले.

"हात आडवा धरा. आता त्येच्यावरनं हळू सोडा. पानावर न्हाय, बुडाला. थांबा, मुरू द्या. आता परत."

काकू सांगत होत्या. रोज किती, उन्हाळ्यात किती, कळ्या धरल्यावर किती, मैंदर्गीला त्यांची आई कसं घालायची. मालक मातीत बसून ऐकत होते, आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत.